पहिले नऊ अंक आणि पुढचे सोळा : एका पंचवीस अंकी संख्येच्या प्रकल्प नोंदी

१४ नोव्हेंबर

दिवाळीच्या सुट्ट्या संपून शाळा भरली. २२ डिसेंबरला राष्ट्रीय गणित दिन, श्रीनिवास रामानुजन यांचा जन्मदिवस (१८८७). यंदा पुठ्ठ्याच्या प्रतिकृती आणि पाठ केलेली भाषणं नकोत, असं मुख्याध्यापकांशी बोलून ठरवलं. सातवी-आठवीनं मिळून एकच संख्या घ्यायची आणि तिच्या मुळापर्यंत जायचं. फळ्यावर लिहिली:

३६०८५२८८५०३६८४००७८६०३६७२५

डावीकडून पहिले दोन अंक घेतले तर त्या संख्येला २ नं निःशेष भाग जातो. पहिले तीन घेतले तर ३ नं, चार घेतले तर ४ नं, आणि असंच पुढे जात पूर्ण पंचवीस अंकांना २५ नं. मध्ये कुठेही खंड नाही. हा गुण असलेल्या संख्यांत हीच सर्वांत मोठी, हिच्यानंतर एकही नाही. मुलांनी अशा संख्यांना ‘पायरी संख्या’ म्हणायला सुरुवात केली आहे. नोंदीत तेच वापरते.

वाचायची कशी, हा पहिला प्रश्न आला. भास्कराचार्यांच्या लीलावतीत एक, दश, शत करत परार्धापर्यंत अठरा स्थानं दिली आहेत. आपली संख्या त्यांच्या सात घरं पलीकडे जाते. तेव्हा ‘तीन कोटी साठ लाख पंच्याऐंशी हजार दोनशे अठ्ठ्याऐंशी परार्ध आणि वर’ असं म्हणून पुढे गेलो.

वहीच्या पहिल्या पानावर तीन प्रश्न लिहून घेतले. हे खरं आहे का? ही संख्या सापडते कशी? आणि पंचविसावरच का थांबते? तिसरा प्रश्न माझा नाही. मागच्या बाकावरच्या एका मुलानं विचारला: “मॅडम, काऊन थांबते जी ते? पुढं एक अंक लावला तं?” प्रकल्प त्या प्रश्नासाठीच चालवायचा असं मी तिथंच ठरवलं.

१६ नोव्हेंबर

दहाव्या पायरीपर्यंत तपासणी. कसोट्या मुलांना येतात, म्हणून भराभर झालं. ३६, ३६०, ३६०८ तोंडी. ३६०८५ च्या शेवटी ५. ३६०८५२ सम आहे, अंकांची बेरीज २४, म्हणून ६ नं भाग जातो. सातला सोपी कसोटी नाही, तिथं भागाकारच केला: ३६०८५२८ ÷ ७ = ५१५५०४, बाकी शून्य. आठसाठी शेवटचे तीन अंक २८८. नऊसाठी बेरीज ४५. दहाव्या जागी शून्य.

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) हे देवळालीच्या शाळेत शिक्षक होते. चार अंकी संख्येचे अंक (सगळे सारखे नसलेले) उतरत्या आणि चढत्या क्रमानं मांडून वजाबाकी करत गेलं की शेवटी ६१७४ येतात, हा गुण त्यांनी १९४९ मध्ये शोधला. आपल्याच अंकांच्या बेरजेनं जिला भाग जातो तिला ते हर्षद संख्या म्हणत. पहिल्या नऊ अंकांची संख्या ३६०८५२८८५, तिची बेरीज ४५. भागून पाहा म्हटलं. ८०१८९५३ आले, बाकी काही नाही. म्हणजे आपल्या संख्येच्या पोटात एक हर्षद संख्याही आहे. कापरेकरांचं नाव आमच्या पोरांना माहीत असायलाच हवं. शाळामास्तर, वही आणि पेन एवढ्यावर माणूस कुठं पोचतो ते त्यांनी दाखवलं.

१९ नोव्हेंबर

आज खरं काम. सतरा, एकोणीस, तेवीस यांच्या कसोट्या कुणाला पाठ नसतात, आणि वीस-बावीस अंकी भागाकार वहीत मावत नाही. पण भागाकार किती आला हे आपल्याला नकोच, फक्त बाकी हवी. बाकी घ्यायची, तिच्यापुढे पुढचा अंक मांडायचा, भाजकाचा पाढा म्हणून पुन्हा बाकी काढायची.

सतराचं उदाहरण फळ्यावर पूर्ण केलं. ३ मांडले. पुढचा अंक ६, झाले ३६, बाकी २. पुढे ०, झाले २०, बाकी ३. पुढे ८, झाले ३८, बाकी ४. मग ४५ ची बाकी ११, ११२ ची १०, १०८ ची ६, ६८ ची ०. नंतर ५, १६, १०, ४, १४, ८, १२, १. शेवटी १ च्या पुढे सतरावा अंक ७, झाले १७, बाकी शून्य. वर्गात टाळ्या पडल्या.

आठवीतल्या एका मुलीनं लगेच हात वर केला. आठव्या जागीसुद्धा शून्य आलंय, म्हणजे ३६०८५२८८ ला पण सतरानं भाग जातो न? जातो, २१२२६६४ वेळा. त्या जागी नियमाला फक्त आठ हवा होता, सतरा आपोआप साधला. ही मुलगी कापूस वेचणीच्या दिवसांत आठवड्यातले निम्मे दिवस आईसोबत वावरात असते. तिची नजर अशी चालते.

२१ नोव्हेंबर

हजेरी फार कमी. कापूस फुटला आहे, मजूर मिळत नाहीत, घरचे सगळे हात पऱ्हाटीत. आलेल्या मुलांकडून १९ आणि २३ च्या बाक्या काढून घेतल्या, दोन्ही शून्यावर आल्या. पहिला प्रश्न संपला.

२५ नोव्हेंबर

दुसरा प्रश्न: सापडते कशी? मुळापासून बांधायला घेतलं.

एक अंकी पायरी संख्या नऊ, १ ते ९. दोन अंकी म्हणजे १० ते ९८ मधल्या सम संख्या, ४५. तीन अंकी किती? कुणी म्हणालं सगळ्या लिहून काढू. लिहिण्याऐवजी बाकीकडे पाहायला लावलं. त्या ४५ पैकी ज्यांना ३ नं भाग जातो त्या १२, १८, २४ अशा ९६ पर्यंत, पंधरा. त्यांच्यापुढे ०, ३, ६, ९ असे चार अंक चालतात. बाकी १ असेल तर २, ५, ८. बाकी २ असेल तर १, ४, ७. म्हणजे उरलेल्या तीसना तीन-तीन. साठ अधिक नव्वद, दीडशे.

इथून पुढे मुलांच्या बोलण्यात ‘ह्या संख्येले किती लेकरं झाले’ अशी भाषा आली, आणि ती इतकी चपखल आहे की मीही तीच धरली. प्रत्येक पायरी संख्या म्हणजे वंशावळीतलं एक नाव. मागचा अंक खोडला की तिचा बाप मिळतो, पुढं चालणारे अंक लावले की लेकरं.

२८ नोव्हेंबर

जरा आडवळण, पण घेण्यासारखं. १ ते ९ हे अंक प्रत्येकी एकदाच वापरून नऊ अंकी पायरी संख्या बनते का? उत्तर एकच आहे, आणि संगणक न लावता तिथं पोचता येतं. आज दोन तासिका यावरच गेल्या.

पाचव्या जागी ५ पक्का. दुसरी, चौथी, सहावी, आठवी या जागा समांच्या, म्हणजे बाकीच्या जागा विषमांच्या. तिसरा अंक विषम असताना तिसऱ्या-चौथ्या अंकांच्या जोडीला ४ नं भाग जायचा, म्हणून चौथा अंक २ किंवा ६. तशाच कारणानं आठवाही २ किंवा ६. मग ४ आणि ८ उरले दुसऱ्या आणि सहाव्या जागेला. पहिल्या तीन अंकांच्या बेरजेला ३ नं भाग जातो, पहिल्या सहांच्याही जातो, म्हणजे मधल्या तिघांच्या बेरजेलाही गेलाच पाहिजे. मधले तिघे एक तर २५८, नाही तर ६५४.

२५८ घेतले तर आठच्या अटीमुळे सातवा अंक १ किंवा ९. पण पहिल्या आणि तिसऱ्या जागेला १ आणि ७ शिवाय काही बसत नाही, म्हणून सातवा ९. उमेदवार दोन: १४७२५८९ आणि ७४१२५८९. ६५४ घेतले तर सातवा अंक ३ किंवा ७, आणि उमेदवार आठ: १८९६५४३, ९८१६५४३, ७८९६५४३, ९८७६५४३, १८३६५४७, ३८१६५४७, १८९६५४७, ९८१६५४७.

दहा संख्या दहा मुलांना वाटल्या, सातनं भागायला. बाक्या येत गेल्या: ६, २, ५, २, ४, ५, ६... आणि खिडकीजवळून आवाज आला, “माह्याली गेली!” ३८१६५४७ ÷ ७ = ५४५२२१. पुढे २ आणि उरलेला ९ लावला की ३८१६५४७२९. शेवटी शून्य जोडलं तर दहाही अंक एकेकदा येतात आणि १० नंही भाग जातो. ज्या पोरानं भागलं त्यानं ती संख्या हाताच्या पंजावर पेनानं लिहून घरी नेली.

३ डिसेंबर

आमचा एक जुना विद्यार्थी वर्ध्याला डिप्लोमा करतो. त्याला सांगून एक छोटा प्रोग्राम लिहवला: प्रत्येक लांबीच्या पायरी संख्या किती. सकाळभर वीज नव्हती. दुपारी आली तेव्हा मुख्याध्यापकांच्या खोलीतल्या संगणकावर चालवला, उत्तर यायला वेळच लागला नाही. आकडे फळ्यावर उतरवले, एक अंकी ते पंचवीस अंकी:

९, ४५, १५०, ३७५, ७५०, १२००, १७१३, २२२७, २४९२, २४९२, २२२५, २०४१, १५७५, ११३२, ७७०, ५७१, ३३५, १८०, ९०, ४४, १८, १२, ६, ३, १.

एकूण २०४५६. सव्वीस अंकी एकही नाही. आपले ९, ४५, १५० जुळले तेव्हा मुलांचा प्रोग्रामवर विश्वास बसला. क्रम असाच असायला हवा: आधी हातानं काढलेलं, मग यंत्रानं काढलेलं त्याच्याशी ताडून पाहायचं.

घरचा अभ्यास: नऊ अंकी आणि दहा अंकी सारख्याच का?

५ डिसेंबर

उत्तर चौघांनी आणलं. दहानं भाग जायचा तर शेवटी शून्यच लागतं, दुसरं काही चालत नाही. म्हणून प्रत्येकाला एकच लेकरू. २४९२ चे २४९२.

मग अकरावं. दहा अंकी संख्येला ११ नं भागून जी बाकी उरते तोच अंक पुढे लावावा लागतो. बाकी ३ उरली तर ३, ७ उरली तर ७. आपल्या ३६०८५२८८५० ची बाकी ३, आणि पुढचा अंक पाहा, ३ च आहे. पण बाकी १० उरली तर? दहा हा अंक नाही. ती वंशावळ तिथंच संपली. २४९२ मधून २२२५ उरल्या, २६७ गेल्या.

आठवीच्या दोघांना जास्तीचं दिलं. पायरी क्रमांक n असेल तर सरासरीनं दर संख्येला १० ÷ n लेकरं होणार. दुसऱ्या पायरीला पाच, चौथीला अडीच, दहावीला एक, विसावीला अर्धं. म्हणजे नवव्या-दहाव्या पायरीपर्यंत गर्दी वाढणार आणि तिथून ओसरणार. हेच गुणत गेलं तर दहा अंकींचा अंदाज २४८० येतो. खरा आकडा २४९२. पंचविसाव्या पायरीचा अंदाज ०.५८, सव्विसाव्याचा ०.२२. अंदाज म्हणजे पुरावा नाही, हे त्यांना दोनदा सांगितलं. पण थांबण्याचं कारण आता त्यांच्या हातात आहे. एकजण म्हणाला, “दहाच अंक हायेत न जी, अन् भाजक तं वाढूनच राहिला.” यापेक्षा नेमकं मलाही सांगता येणार नाही.

९ डिसेंबर

आजची नोंद मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते.

दहाव्या पायरीनंतर कुठल्याही संख्येला दोन लेकरं होऊच शकत नाहीत. पुढे अंक लावून सलग दहा संख्या मिळतात, आणि सलग दहांमध्ये ११ चा, १७ चा किंवा २५ चा पट फार तर एकदा येतो. म्हणजे फांद्या फुटणं दहाव्या पायरीला बंद होतं. तिथून पुढे २४९२ सरळ रेघा, एकेक करून तुटत जाणाऱ्या.

याचा अर्थ असा की ३६०८५२८८५ हे पहिले नऊ अंक निवडले की पुढच्या सोळा अंकांत आपल्याला काहीही निवडायचं उरत नाही. सोळाच्या सोळा अंक भागाकारानंच ठरतात. ज्याला भागाकार येतो असा पाचवीचा मुलगा फक्त हे नऊ अंक घेऊन बसला तर पूर्ण संख्या तोच लिहून काढेल.

मी हे बोलले तेव्हा मुलं गप्प होती. मग वेचणीला जाणारी ती मुलगी उठली, फळ्यावरचे शेवटचे सोळा अंक पुसले आणि म्हणाली, “काढू आता.” तेराव्या पायरीला मागची बाकी ७, पुढे अंक लावून सत्तर-अमुक, त्यात १३ चा पट ७८, म्हणून अंक ८. चौदाव्याला बाकी ८, ऐंशीच्या घरात १४ चा पट ८४, म्हणून ४. अशी घंटा होईपर्यंत ती अठरापर्यंत पोचली, आणि प्रत्येक अंक बरोबर आला.

११ डिसेंबर

चोवीस अंकी तीनच आहेत. तिन्ही मागवून घेतल्या:

१४४४०८६४५०४८२२५६३६६०३८१६
३६०८५२८८५०३६८४००७८६०३६७२
४०२८५२१६८०७२९००८२८००९२१६

तिघींपैकी एकच पुढे का जाते? मोठा भागाकार लागेल असं मुलांना वाटलं होतं. पण २५ नं भाग जायला शेवटचे दोन अंक ००, २५, ५० किंवा ७५ हवेत, म्हणजे शेवटून दुसरा ०, २, ५ किंवा ७. पहिल्या आणि तिसऱ्या संख्येच्या शेवटी ६ आहे, त्यांच्यापुढे काहीही लावा, चालणार नाही. मधलीच्या शेवटी २ आहे, तिला ५ लावला की २५. चोवीस पायऱ्या चढून आलेल्या दोन संख्या निव्वळ शेवटच्या अंकावर अडतात, हे पाहून मुलं हळहळली. मलाही वाईट वाटलं, खरं सांगायचं तर.

१३ डिसेंबर

सव्विसावी पायरी. पहिल्या दिवशी प्रश्न विचारणाऱ्या मुलालाच फळ्यावर बोलावलं.

पंचवीस अंकी संख्येला २६ नं भागून बाकी काढली: ९. पुढे एक अंक लावायचा, म्हणजे नव्वद ते नव्व्याण्णव. यात २६ चा पट? ७८ मागे राहिला, पुढचा १०४. “पुढं चौदा पायजे मॅडम. चौदा कुठून आणावं?” आणला तर दोन अंक होतात, आणि जागा एकाच अंकाची आहे.

कुणीतरी म्हणालं, १३ चा पट तर आहे, ९१. आहे खरा. पुढे १ लावला तर संख्येला तेरानं भाग जातो, पण ती विषम होते, दोननं जात नाही. ०, २, ४, ६, ८ यांतला कुठलाही लावला तर सम होते, पण तेरा सोडून देतो. दोन्ही अटी एका अंकात बसत नाहीत. वंश इथं संपला. त्यानं फळ्यावर आपल्याच हातानं आडवी रेघ मारली.

१८ डिसेंबर

मांडणी ठरली. व्हरांड्याच्या भिंतीवर लांब कागदी पट्टी, तीवर पहिले नऊ अंक लिहिलेले आणि पुढे सोळा रिकामे चौकोन. खाली प्रत्येक चौकोनाचा भाजक. येणाऱ्यानं बाकी काढायची आणि अंक भरायचा, मुलं फक्त पाढ्याला मदत करतील. शेवटी सव्विसावा चौकोनही काढला आहे. तो भरून दाखवा, असं वर लिहिलं.

२२ डिसेंबर

माणसं चांगली आली. वेचणी थोडी ओसरली आहे. अडत्याकडे हिशेब लिहिणाऱ्या एका काकांनी चार चौकोन पेन न लावता तोंडी भरले. सरपंचबाईंनी विसावा भरला, तिथं शून्यच येतं. सव्विसाव्यापुढे बराच वेळ गर्दी होती, आणि त्या मुलानं प्रत्येकाला पहिल्यापासून समजावलं: नव्वद, नव्व्याण्णव, मधे काही नाही.

एका आजोबांचा प्रश्न: दहा अंक आहेत म्हणून पंचवीस जागा मिळाल्या, तर अंक कमी असते तर? प्रश्न वहीत उतरवून घेतला.

२६ डिसेंबर

आजोबांच्या प्रश्नावर बसलो. द्विमान पद्धतीत, जिथं फक्त ० आणि १ आहेत आणि घरं एक, दोन, चार अशी दुपटीनं वाढतात, काम लगेच आटोपतं: १, मग १०, पुढे १०० म्हणजे चार आणि १०१ म्हणजे पाच, दोन्हींना तीननं भाग जात नाही. लांबी दोनच.

०, १, २ असे तीन अंक घेतले (घरं एक, तीन, नऊ अशी तिपटीनं) तर अख्खी वंशावळ एका पानावर मावते. दोन अंकी तीन: ११, २०, २२, म्हणजे आपले चार, सहा, आठ. तिसऱ्या जागी शून्यच लागतं, कारण इथं तीनची कसोटी आपल्या दहासारखी चालते. तिथून पुढे फांदी फुटत नाही. चौथ्या पायरीला तिघीही टिकतात. पाचव्याला २२०० गळते, तिला ४ हवा असतो. सहाव्यापर्यंत दोन पोचतात: ११००२० म्हणजे ३३०, आणि २००२२० म्हणजे ५१०. सातव्या पायरीला पहिलीला ४ हवा, दुसरीला ३. अंक दोनपर्यंतच. दोन्ही थांबल्या.

चार अंकांची वंशावळ सातवीच्या मुलींनी घेतली आहे. पाचव्या पायरीपर्यंत झाली, उरलेली सोमवारी.